उंबराला विचारून

चिंधू,
तुझ्या लेकीच्या लग्नात धवले गायला बोलावलंस, निरोप पोचला.

मांडवासाठी उंबराची फांदी तोडायच्या आधी आम्ही धवलारणी गाण्यातून त्याला विचारतो, देवाच्या झाडा, रागावू नको, लेकरांसाठी एक फांदी दे. मगच कोयता लावायचा. झाडाला दुखतं आणि देव बघत असतो, हे आयेनं आपल्या दोघांनाही शिकवलं व्हतं.

चौऱ्याऐंशीच्या दंगलीत तू तोच कोयता घेऊन धावलास. शेजारचा लतीफ हात जोडून म्हणाला, "चिंधू, तुझ्या लग्नात उंबराची फांदी मीच धरली व्हती रं." तू आधी ते जोडलेले हात तोडलेस, मग मान. रगत माझ्या ओट्यावर उडालं. साक्षीला कोणी उभं राहिलं न्हाय, म्हणून तू सुटलास.

लतीफला कोणी विचारलं व्हतं?

मी येणार, गाणार. उंबराला विचारून झालं की पुढच्या ओळीत लतीफचं नाव घेणार, मग तुझं, सगळ्या वऱ्हाडासमोर. सुरू झालेला धवला कोणी मध्ये तोडत न्हाय.

हे पत्र मात्र टाकणार न्हाय. आधी कळलं तर तू दुसरी धवलारीण आणशील.

तुझी थोरली बहीण,
गुणाबाई