चार नंबरचा संगणक

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

आधी कान पकडते. उन्हाळ्यात तुझा निरोप आला तेव्हा ‘सविस्तर लिहिते’ असं कळवलं होतं, आणि ते सविस्तर आज उगवतंय. कामाचं निमित्त सांगितलं असतं, पण रोजनिशी लिहायला मला वेळ मिळतो हे तुला माहीत आहे, तेव्हा तो बचाव बाद. फोनवर तू ‘मजेत’ म्हणतेस, मी ‘आम्हीही’ म्हणते आणि फोन आईच्या हातात जातो. म्हणून कागद घेतला.

आई बरी आहे. गुडघ्याची कुरकुर आहे, तोंडाची अजिबात कमी झालेली नाही. बाबांचं ऑफिस आहे तसंच आहे, शेजारी तो चष्मेवाला, रिकामा असला की आरशात स्वतःलाच चष्मे लावून बघणारा. लोकांचे अर्ज भरून द्यायचं आपलं कामही तेच, फक्त अर्ज आता कागदावर येत नाहीत, पडद्यावर उघडतात, आणि त्यांत अक्षर उमटवायला ते सॉफ्टवेअर लागतं. बाबांनी पहिल्यांदा ते घेतलं तेव्हा चकती आणली, डबा कपाटावर ठेवला, विषय संपला. आता ते विकत मिळतच नाही, भाड्याने मिळतं, आणि भाडंही खोलीगणिक वेगळं. नुसतं लिहायचं तर साधा प्लॅन. सही उमटवायची तर त्याच्या वरचा. कंपनीचं नाव अर्जावर आडवं छापून येऊ नये असं वाटत असेल तर आणखी वरचा. आई म्हणाली, बाबांच्या टाइपरायटरने कधी अर्ध्या ओळीत थांबून हात पसरला नव्हता.

तर या उन्हाळ्यापासून त्याने नवाच खेळ मांडला. मी कुणाच्या तरी पेन्शनचा अर्ज निम्मा भरत आणावा, समोरचे आजोबा जन्मतारीख आठवत असावेत, आणि पडद्यावर एक निळी चौकट येऊन तिने मला बाहेर काढावं. त्या चौकटी सगळ्या ‘वरचा प्लॅन घ्या’ म्हणून मागे लागणाऱ्याच असतात, म्हणून मी न वाचता ‘हो’ दाबायचे आणि पुन्हा आत शिरायचे. थोड्या वेळाने पुन्हा बाहेर. मला वाटलं आपलं सबस्क्रिप्शन अपुरं पडतंय. वरचा प्लॅन घेतला. मग त्याच्याही वरचा, ज्यात दहा भाषांत सही तपासून मिळते. बाहेर काढणं चालूच. चष्मेवाला म्हणाला, ताई, अजून एक प्लॅन घेतलात तर ते तुम्हाला मान देऊन बाहेर काढतील. सही करण्याआधी नीट वाचा असं दिवसभर लोकांना बजावणारी मी, आणि एक चौकट वाचली नाही.

शेवटी कंपनीला फोन लावला. पलीकडे एक शांत मुलगी होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मॅडम, प्लॅनमध्ये काही बिघाड नाही, तुमचं खातं आणखी कुणीतरी वापरतंय. तुम्ही आत आलात की ते बाहेर, ते आले की तुम्ही. पासवर्ड बरोबर टाकूनच येतात. मी चोर चोर म्हणून ओरडायच्या बेतात होते. मग आठवलं की पासवर्ड बाबांनी आपल्या दोघींची टोपणनावं जोडून केलेला. तो तीनच माणसांना ठाऊक, आणि त्यातलं एक आता नाही.

मला एवढं हसू आलं, ठमे, की त्या मुलीने विचारलं, मॅडम, ठीक आहात ना? मला तो टाइपरायटरपुढचा स्टूल आठवला. माझी पाळी चालू असताना तू काही न बोलता कडेला टेकायचीस आणि कमरेने ढकलत ढकलत मला खाली पाडायचीस. बाबा अर्जातून मान वर न करता म्हणायचे, दोघी उठा. आपण दोघी इतके महिने तेच करत होतो, दोन गावांत बसून.

मग ती चौकट वाचली. ‘हे खाते सध्या सार्वजनिक वाचनालय, संगणक क्रमांक ४ येथे उघडे आहे. तिथे बंद करून इथे सुरू करायचे का?’ हसू तिथेच थांबलं.

तुझं स्वतःचं ऑफिस आहे, नव्या खुर्च्या आल्यात, श्वास घ्यायला फुरसत नाही, असं तू आईला सांगतेस. तू तिथे भरलेले अर्ज मला खात्यात दिसतात. एकही उघडलेला नाही, शपथ. पण ते चौकटीतलं वाक्य वाचलं हेसुद्धा चोरून पाहणंच झालं का, याचा मी रोजनिशीत बराच खल केला. एवढं मात्र कळलं की तुझ्या चौकटीत आमच्या ऑफिसचं नाव येत असणार. म्हणजे कुणाला ढकलतेयस ते तुला पहिल्यापासून माहीत होतं. बोलली नाहीस, पण दर वेळी हक्काने ‘हो’ दाबलंस. ते मला फार आवडलं.

आणि लाजही वाटली. वाचनालयात पाळी संपली की उठावं लागतं. तुझ्याशेजारी कुणी कागद घेऊन बसलेलं असणार, तू आत्ताच होईल म्हणत असणार, आणि मी इथून तुला बाहेर काढत होते. म्हणून हल्ली सकाळी मी ते सॉफ्टवेअर उघडतच नाही. सकाळी माणसांकडून माहिती हाताने लिहून घेते, दुपारनंतर संगणकावर चढवते. अलीकडे तुला सकाळी कुणी ढकललं नसेल. लक्षात आलं का?

आता हे सगळं आज का लिहितेय ते. आपलं सबस्क्रिप्शन संपत आलंय. नव्या नियमाप्रमाणे एका खात्यावर दोघांना एकाच वेळी काम करता येतं, पण त्यासाठी एका प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं: ही व्यक्ती आपल्याच घरात राहते का? फोनवरची मुलगी म्हणाली, सगळे ‘हो’च दाबतात, मॅडम. पण वय वर्षाने कमी लिहा म्हणणाऱ्याला मी परत पाठवते, माझं बोट उठेना. आईला नुसता प्रश्न वाचून दाखवला, वाचनालयाचं नाव काढलं नाही. ती म्हणाली, मग राहतेच की, तिची खोली कुणाला दिलीय का आपण? आणि पुढे म्हणाली, हल्ली ती फोनवर इतकं हळू बोलते, आजूबाजूला माणसं वाचत बसल्यासारखं. तिला ये म्हण.

तर ये. काम दोघींना पुरेल एवढं आहे, आणि आता स्टूलही दोन आहेत. यायचं नसेल तर खातं तरीही दोघींचंच राहील, त्याची वाट मी काढीन. त्यासाठी तुला काही कबूल करायला नको. पण आई म्हणते ते आज पूर्ण खरं नाही. तुझी खोली कुणाला दिली नाही, मात्र तुझ्या पलंगावर माझ्या ऑफिसचे जुने कागद झोपलेत. तेव्हा ‘हो’ दाबण्याआधी ते खरं करायला हवं.

तुझीच,
ताई

(त्याच रात्री, रोजनिशीत) उद्या: ठमीच्या खोलीतले गठ्ठे बाहेर काढणे.