डावीकडे झुकलेली ज्योत

८ फेब्रुवारी
इतके दिवस तुला उघडलं नाही, माफ कर. लिहायला बसले की आईचंच लिहावं लागणार, म्हणून टाळत होते.

खुब्याचं हाड जुळलंय. डॉक्टर म्हणतात चाला. आई न्हाणीघरापर्यंत जाते आणि परत खुर्चीत. क्रेस बेटावरचं तिचं घर ती पडल्यापासून बंद आहे. आता ती इथेच, रियेका शहरात, माझ्याकडे राहील असं मी ठरवून टाकलंय. तिला न विचारता. काळजी म्हणून, की माझी सोय म्हणून?

संध्याकाळी जुना गेम लावला — ‘सात दिवे’. कॉलेजात वेड लावलं होतं त्याने. शत्रू नाही, बंदूक नाही. एक ओसाड बेट, बंद दारं आणि आपले डोळे.

९ फेब्रुवारी
सगळं पाठ आहे. तरी धुकं वर सरकून पहिलं दीपगृह दिसलं आणि श्वास थांबलाच.

आई खुर्चीतून बघत होती. “तिहाना, या बाईला घरदार नाही का? सारखी भटकतेय.”
“ती बाई म्हणजे मीच, आई.”
“मग स्वेटर घाल.”

१२ फेब्रुवारी
गेममध्ये मिठाच्या गुहेत होते. आई म्हणाली, “तिथे वारा येतोय.”
“कुठे?”
“मेणबत्ती बघ. ज्योत डावीकडे झुकलीय. उजवीकडे कुणीतरी काहीतरी उघडं टाकलंय. मान धरेल तिची.”

हसले मी. आमच्या किनाऱ्यावरच्या लोकांत समोरासमोरच्या खिडक्या उघडणं म्हणजे जिवाशी खेळ. कान, मान, कंबर, काहीही दुखलं तरी गुन्हेगार तोच वारा. पण उजव्या भिंतीला हात लावला, आणि खडक सरकला. आत खोली. छतातून उतरणारा उजेड, खाली समुद्राचा आवाज. इतक्या वेळा खेळूनही मला न दिसलेली खोली! कुणाला सापडेल की नाही याची पर्वा न करता कुणीतरी ती इतक्या मायेने घडवली.

१३ फेब्रुवारी
आज कंट्रोलर आईच्या हातात. आधी भिंतींना धडकली, मग जमलं. घाई नाही. प्रत्येक दगड निरखते. मी कधीच असं खेळले नाही.

चौथ्या दारापाशी अडकली. माझ्याने राहवलं नाही — “तिसरी खुंटी ओढ.”

तिने कंट्रोलर टेबलावर ठेवला. “मग तूच खेळ.”

उत्तर सांगायचं नाही, हा आम्हा खेळणाऱ्यांचा पहिला नियम. मोडला मीच.

१४ फेब्रुवारी
आई बोलत नाही. कॉफीही अर्धीच प्यायली.

१५ फेब्रुवारी
“यापुढे काही सांगणार नाही,” म्हटलं.
“मी चालतानाही?”

खरंच की. डावा पाय, सावकाश, पुढे उंबरा... दिवसभर माझं हेच चालू असतं.

१९ फेब्रुवारी
मी कोचावर होते. आई स्वतःच उठली. काठी घेतली. मी ओठ दाबून बसले. स्वयंपाकघरात जाऊन तिने खिडकी धाडकन लावली.

“दोन्हीकडून वारा येतोय, कळत नाही तुला?” मग दारात उभी राहून म्हणाली, “तिकडे माझ्या घराला ओल धरली असेल. रविवारच्या बोटीने जाते मी. आणि तिथल्या जिन्याचं काही सांगू नकोस. तो माझा आहे.”

मी बोटीच्या वेळा बघितल्या.

उद्या: आईच्या आधी क्रेसला जाऊन आईच्या घराच्या खिडक्या उघडणे. एका वेळी एकाच बाजूच्या.