हात लागला होता काय?

मूल, जि. चांदा, ६ जानेवारी १९५७

सकाळीच वामन दारात. हातात बाटलीभर जंगलचा मध. शाळा सोडल्यापासून हा माणूस आमच्या गल्लीत फिरकला नव्हता. "गुरुजी, खोकला कसा हाये आता?" मला खोकला होता हे याला कुणी सांगितलं?

हेडमास्तरांनी परवा जाहीर केल्यापासून हे सुरू झालं. शाळेला पंचवीस वर्षं होताहेत. आजवरच्या पोरांतून सर्वांत थोर अकरा फुटबॉलवाले निवडायचे, दगडावर नावं कोरून दरवाज्याशी बसवायची. निवडणारा मी एकटा. ड्रिल मास्तर म्हणून सगळ्यांना खेळताना पाहिलेला मीच उरलो आहे.

मध सौ.ने ठेवून घेतला. परत करायला हवा होता.

८ जाने.

न्हाव्याने दाढीचे पैसे घेतले नाहीत. त्याचा साळा ४९ साली बॅकला होता, बरा होता, थोर नव्हता. दुपारी कुणीतरी पोहे कांडून पाठवले. सौ. खूश.
"लोकायचं प्रेम हाये तुमच्यावर."
"मागच्या वर्षी कुठी होतं हे प्रेम?"
ती म्हणाली, तुमाले चांगलं वागणं बी चालत नाई. असेल. पण पोहे मी ताटात तसेच ठेवले.

११ जाने.

नावं ठरली. पहिलं नाव लिहायला विचार करावा लागला नाही. सोमा मडावी. जंगलातल्या गावाहून आला, बोर्डिंगात राहिला, चार वर्षं अनवाणी खेळला. ४५ साली वरोऱ्याविरुद्ध शेवटच्या घटकेला कॉर्नरवर त्याचा गोल, आणि शाळेला मिळालेला एकुलता एक कप. हेडमास्तरांच्या कपाटावर अजून आहे, दांडी मोडलेला.

वामन बसत नाही. त्याच सोमाच्या शेजारी फॉरवर्ड खेळायचा. पळायचा छान, पण समोरचा अंगावर आला की बॉल सोडून द्यायचा. अकराव्यानंतर कुणी घ्यायचा झालाच तर तोच, हेही खरं.

१३ जाने.

संध्याकाळी सोमा आला. बोडीतले, गावच्या लहान तळ्यातले, मासे आणले होते, पळसाच्या पानात बांधून. ओट्यावर बसला. गावाकडं भाताचा हंगाम कसा झाला विचारलं. "बरा झाला जी." पोरगी कशी आहे? "बरी हाये." अर्धा तास बसून उठून गेला. निवडीबद्दल एक अक्षर नाही.

बाकीचे निदान काय हवं ते तोंडावर तरी दाखवतात. हा का आला होता?

१५ जाने.

पुन्हा सोमा. या वेळी हात मोकळे. बसलाच नाही.
"गुरुजी, माझं नाव असन तं काढून टाका."
"काऊन?"
"वरोऱ्याच्या मॅचमंदी हात लागला होता. बॉल हातानं गेला."
मी विचारलं, "कोणी धाडलं तुले?"
"कोनी नाई जी."
खाली बघत होता. पण तो नेहमीच खाली बघायचा. गोल मारून परत येतानासुद्धा.

१६ जाने.

झोप नीट नाही. बारा वर्षं गप्प राहिलेला माणूस आत्ताच का बोलतो?

सोमा राइस मिलमध्ये मापारी आहे. राहतो मिलच्याच खोलीत, बायको-पोरीसकट. मिल शाळा कमिटीच्या अध्यक्षांची. वामन अध्यक्षांचा धाकटा भाऊ. सोमाचं नाव गेलं की कुणाचं येणार, हे मला शेंबडं पोरही सांगेल.

पण मी काय पाहिलं? हेच तर पोखरतंय. मी पश्चिमेकडे तोंड करून उभा होतो, ऊन सरळ डोळ्यात. बॉल आत गेलेला पाहिला. कशाने गेला ते नाही. रेफरीने शिट्टी मारली, पोरांनी मला उचललं, मग कोण विचारतो.

सौ.ला काही सांगितलं नाही. कुणालाच नाही.

१९ जाने.

पहाटेच्या गाडीने चांदा, तिथून वरोरा. सौ.ला सांगितलं, डोळे तपासायला जातो. सांगताना हसू आलं, कारण ते अगदीच खोटं नव्हतं; माझ्या डोळ्यांनी काय पाहिलं तेच तर तपासायचं होतं.

त्या मॅचचा त्यांचा गोलकीपर शंकर, आता कापसाच्या जिनिंगात. अंगभर रुई. ओळखलं त्याने मला. कँटीनमध्ये चहा पाजला.
"हात? हो जी, लागला होता. म्या त्या दुसऱ्याले बी तेच सांगतलं."
"कोणत्या दुसऱ्याले?"
"मूलहूनच आले होते. जीपगाडी होती. मागच्या आठोड्यात."
मूल गावात जीप एकच. अध्यक्षांची.
म्हटलं, शंकर, खरं सांग. आधी तो हसला, मग जरा चिडलाच. "आता खरं म्हन्जे काय जी? समोर धा पोरं, मंधात बॉल. त्यायले हात आयकाचा होता, म्या हात सांगतला. तुमाले काय आयकाचं हाये थे सांगा, तुमाले बी सांगतो."

परतीच्या गाडीत एकच विचार. मला काय ऐकायचं होतं? गोल चोख निघावा, हेच ना. माझा शिकवलेला पोरगा, माझा एकुलता कप. म्हणजे या साऱ्यात माझ्यावरही भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

२१ जाने.

अध्यक्षांनी मिलवर बोलावलं. मशीनचा आवाज, सगळीकडे कोंडा. चहात साखर इतकी की चमचा उभा राहावा. म्हणाले, "वामनबद्दल मी एक शब्द बोलणार नाही, गुरुजी. निवड तुमची." मी मान हलवली. मग उठताना, "फक्त एवढंच, दगडावरचं पुसता येत नाही. डाग असलेलं नाव नको."

डाग. हाताची गोष्ट मी गावात कुणापाशी काढली नव्हती.

बाहेर वजनकाट्यापाशी सोमा पोती मोजत होता. माझ्याकडे पाहिलं नाही. अध्यक्ष खिडकीत उभे होते, म्हणून असेल. किंवा लाज वाटली म्हणून. दोन्ही पटतं, तीच पंचाईत.

२३ जाने.

उजाडता उजाडता सोमाला निरोप धाडून ग्राउंडवर बोलावलं. गवतावर दव. शाळेचा बॉल घेऊन गेलो होतो. तो आला, अंगावर घोंगडी.
"चाल, दाखव मले. मी कॉर्नर मारतो, तू तसाच गोल कर."
"गुरुजी, तुमचा गुडघा..."
"गुडघ्याचं मी पाहतो."
पहिला बॉल गोलच्या मागे गेला. दुसरा कसाबसा वर उठला. सोमाने घोंगडी टाकली, दोन्ही हात पाठीमागे नेले, एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं, आणि तसाच उडाला. डोक्याने बॉल आत. पडला तोंडावर, कारण हात सोडलेच नाहीत. कपाळाला चिखल.

माझे डोळे भरून आले. थंडीही होती.

जवळ जाऊन विचारलं, "त्या दिवशी असाच मारला होता काय?"
चिखल पुसत राहिला. "तुमी उभे होते ना जी तिथी. मले काऊन इचारता?"
"तू म्हन्तो हात लागला!"
"म्हन्लं न."
"मग आता हे काय दाखवलं मले?"
घोंगडी उचलली त्याने. "मिलचा भोंगा होईन आता. जातो." आणि निघाला, बांधीच्या धुऱ्याधुऱ्याने, भातशेतांच्या बांधांवरून, मिलकडे.

हात बांधून गोल करता येतो, एवढंच कळलं आज. केला होता का, ते नाही. पण करता येत असताना कुणी हात का लावेल? आणि लावला नसेल तर लावला म्हणायला त्याला काय सांगितलं असेल, कुणी, कुठल्या खोलीबद्दल?

२४ जाने.

नावं द्यायचा दिवस. जाता जाता मिलवरून गेलो. काट्यावर दुसराच माणूस. सोमा कुठं आहे? आज आला नाही. खोलीत आहे का? माहीत नाही जी. मुनीम चष्मा पुसत बसला.

शाळेत पाथरवट दगड टेकवून बसलेला. हेडमास्तर दोनदा डोकावून गेले. मी सोमा सोडून दहा नावं दिली, अकरावं उद्या म्हणालो.
पाथरवट म्हणाला, "उद्या तं उद्या. पन नाव लहान हाये का मोठं, एवढं सांगा न जी. जागा धराची हाये."
उत्तर द्यायला तोंड उघडलं. हेडमास्तर दारात कान देऊन उभे, नुसत्या लांबीवरून नाव ताडायला.
"मोठी धर," म्हटलं. "जेवढी उरली तेवढी सारी धर."