गुळातली गोळी

सोलापूर, ६ फेब्रुवारी १९७९

ती. कमलाक्कास रत्नाचे शि. सा. न. वि. वि.

नीलूला कांजिण्या आल्या आहेत. सात वर्षांची पोर तापाने फणफणली आहे, डोकं दुखतं म्हणून सारखी रडते. सासरे, म्हणजे आमचे अज्जा, दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधून बसले आहेत. देवीआई पाव्हणी आलीया, ती जाईपत्तोर औषध न्हाय, फोडणी बी न्हाय, असं त्यांनी बजावलं. हे होटगीला रेल्वेच्या कामावर. मी एकटी कशी भांडू? तू थोरली, तूच सांग.

दाजींना नमस्कार. माया आहे तशीच असू दे.

तुझी रत्ना

दुधनी, ८ फेब्रुवारी

चि. सौ. रत्नास अनेक आशीर्वाद.

लहानपणी मांजराला भ्यायचीस, आता सासऱ्याला भितेस! आमचा माल नेणाऱ्या बंदेनवाजच्या ट्रकमधून तुरीच्या पोत्यांबरोबर गुळाचा खडा आणि ॲस्पिरिनच्या गोळ्या पाठवते. आमच्या दुकानात रोज खपतात. गोळी कुटून गुळात दे, अज्जांना कळायचं कारण नाही. देवी रागावली तर माझं नाव सांग. मी स्वतःच आले असते, पण आठवा महिना लागलाय, हे सोडत नाहीत.

सगळ्यांना शरणु शरणार्थी, नमस्कार.

तुझी अक्का

सोलापूर, १४ फेब्रुवारी

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

गोळ्या दिल्या. कडू हाय म्हणून नीलू तोंड वाकडं करायची, मी खोटंच गूळ आहे म्हणायची. ताप उतरला, खपल्या धरल्या, दहीभाताचा नैवेद्य दाखवून आईची पाठवणीही झाली. आणि आज पहाटेपासून नीलूला उलट्या, थांबतच नाहीत. अज्जांच्या अंगावर धावून गेली, मग गुंगीत पडली. मला ओळखेना! अज्जा म्हणतात, कायतरी चुकलं, आई रागावली, पुन्यांदा नैवेद्य करू. काय चुकलं ते मलाच ठाऊक आहे ना. बंदेनवाज दारात खोळंबलाय म्हणून एवढंच.

रत्ना

दुधनी, १४ फेब्रुवारी, दुपार

चि. रत्नास आशीर्वाद.

बंदेनवाजला पाणीही पिऊ न देता परत धाडते आहे. नैवेद्य राहू दे. त्याच ट्रकमध्ये पोरीला घाल आणि मोठ्या इस्पितळात ने. गोळीचं डॉक्टरांना सांग, अज्जा समोर असले तरी सांग. माझंच नाव घे. मला इथे अन्न जात नाही.

अक्का

सोलापूर, २१ फेब्रुवारी

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

औषध काय दिलं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा अज्जा शेजारीच होते. मी सांगून टाकलं. वाटलं, आता घराबाहेर काढतील. अज्जा खाली बघत म्हणाले, म्या बी देत हुतो, तसलीच, सकाळच्या अंबलीत कालवून. पोरीचं रडणं बघवंना, आन सुनेपुढं शब्द फिरवायची लाज वाटली. एकाच घरात दोघं चोरून तेच देत होतो, अक्का!

डॉक्टर म्हणाले, मेंदूला सूज आहे, लिव्हरही बिघडलंय. हा आजार क्वचितच दिसतो. कारण पक्कं नाही, पण कांजिण्यांत ॲस्पिरिन दिल्याने होत असावा असा काहींचा संशय आहे. तुझं नाव मी घेतलं नाही. हात माझा होता.

काल नीलूने डोळे उघडले. चमच्याने साखरपाणी लावलं तर ओठ गच्च मिटले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, कडू हाय. तिनं मला ओळखलं! मी रडतच सुटले. अज्जांनी चमचा घेतला, आधी स्वतः घोट घेऊन दाखवला, तेव्हा कुठे प्याली. पायांत अजून जोर नाही आणि पुढचं डॉक्टरही सांगत नाहीत.

तू जपून राहा. आमच्यावरचा लोभ कमी करू नकोस. नीलू पाणी मागते आहे, थांबते. आधी मला पिऊन दाखवावं लागतं.

तुझी रत्ना