चोरून आणलेला वेल

बाई, लिहायला फार उशीर झाला, रागावू नका. तुम्ही जाऊन वीसेक वर्षं झाली आणि मी आत्ता कुठे कागद पुढे घेतलाय. चौथीपर्यंत शिकलेला शाळेचा शिपाई मी, त्यात आता हात थरथरतो, तेव्हा अक्षराकडे बघू नका. विषय तुमच्या मनी प्लांटचा आहे आणि तुमच्याशिवाय कोणाला विचारावं ते सुचत नाही.

शिक्षकांच्या खोलीतला तो वेल मला अजून जसाच्या तसा दिसतो. कपाटावर काठ उडालेली मातीची कुंडी. खिडकीचं ऊन तिच्यावर पडत नाही, नुसता उजेड येतो. तुम्ही सुतळी बांधून वेलाला खिळ्याखिळ्याने भिंतीवरून नेलंय, नकाशाच्या वरून, घड्याळाला वळसा घालून पार दारापर्यंत. तपासणीला आलेले साहेबसुद्धा आधी मान वर करून तोच बघायचे. एका मे महिन्यात तुम्ही तो माझ्यावर सोपवून गावी गेलात. वाळला तर काय, या धास्तीने मी त्याला रोज तांब्याभर पाणी घातलं. जूनमध्ये तुम्ही आलात तर खालची पानं पिवळी. तुम्ही मातीत बोट खुपसलंत. शाळेत मला अहोजाहो करणाऱ्या तुम्ही एकट्याच, रागावतानाही तसंच. म्हणालात, "अहो, तुम्ही याला बुडवताय." मग माझं बोट मातीत घालायला लावलंत. बोट कोरडं निघालं तरच पाणी द्यायचं, नाहीतर कुंडीकडे फिरकायचं नाही, हा तुमचा नियम.

मी घरी त्या वेलाचं एवढं कौतुक सांगितलं की बायकोलाही तो हवासा झाला. पण तिची एक अट होती. "मागू नका. मनी प्लांट चोरूनच आनायचा आस्तो. मागून आनलेला जगत न्हाई." मग मी चोरी केली, बाई. शनिवारी शाळा सुटल्यावर स्टुलावर चढलो आणि घाबऱ्याघुबऱ्या दोन मोठी पानं देठापासून तोडून खिशात घातली. घरी पाण्यात ठेवली, पंधरा दिवसांत देठ सडले. बायको म्हणाली, चोरीसुद्धा धड जमत नाही तुम्हाला.

तुम्हाला भिंतीवरची दोन पानं कमी झालेली दिसली नसतील असं कसं होईल? एका सोमवारी प्रार्थना झाल्यावर मला बोलावलंत. टेबलावर औषधाच्या बाटलीत वेलाचा तुकडा होता, चांगला तीन पेरांचा. पेरावरचा तपकिरी फुगवटा नखाने दाखवून म्हणालात, "मूळ इथून फुटतं. नुसत्या पानातून वेल होत नाही." माझे कान तापले. बाटली हातात देताना तुम्ही हळूच म्हणालात, "घरी सांगा, चोरून आणलाय म्हणून." आणि हजेरीची वही पुढे ओढलीत. इतक्या सहज माणसाची लाज राखणारं मला नंतर कोणी भेटलं नाही.

कोल्हारच्या आमच्या घरात तो वेल आढ्याला पोचला. शेजारणीने तुकडा मागितला की बायको कात्री ओट्यावर ठेवायची आणि मुद्दाम आत चहा टाकायला जायची, तिला निवांत चोरता यावा म्हणून. आपला वेल चोरीचा आहे, म्हणूनच एवढा फोफावला, हे ती शेवटपर्यंत सांगत होती. मी एकदाही खरं बोललो नाही.

ती गेल्यावर मुलाने मला केडगावला आणलं. येताना टेम्पोत कुंडी मी मांडीवर धरली होती. इथे महिन्याभरात पानं पिवळी पडायला लागली आणि माझ्या मनाने घेतलं की ते खोटं आता वेलाला भोवतंय. मुळात चोरलेला नाहीच, तुम्ही आपल्या हाताने दिलेला वेल. काळजीने मी जास्तच पाणी घालत राहिलो. शेवटी सूनबाईने मातीत बोट घातलं, अगदी तुमच्यासारखं, आणि म्हणाली, "आप्पा, चिखल झालाय नुसता. दिवसातून किती वेळा घालता?" मी दोनदा म्हणालो. चारदा घालत होतो. कुंडी उलटी केली तर मुळं काळी, वास मारणारी. शेंड्याकडचा हातभर तुकडा तेवढा हिरवा होता. तो कापायचं माझ्याच्याने होईना. चुकला तर तुमचं आणि तिचं, दोघींचं काहीच उरणार नव्हतं. सूनबाईने वेल धरून ठेवला, मी पेरं मोजली आणि पेराच्या खाली सुरी चालवली. आता तो लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे.

आज अठरा दिवस झाले. सकाळपासून पेराजवळ पांढरं काहीतरी दिसतंय, तांदळाच्या कणीएवढं. सूनबाई म्हणते मूळ आहे. मला वाटतं कूज असेल. बरणी हलवायची भीती वाटते. हे पत्र पोस्टात टाकून उपयोग नाही हे मला कळतं, म्हणून घडी करून बरणीखाली ठेवणार आहे. आणि खरं सांगतो, पाणी आठवड्यातून एकदा बदला म्हणाला होतात, मी रोज बदलतोय. ते पांढरं काय आहे, बाई, तेवढं लवकर कळवा.