बोनस वाचला, दार चेपलं

अहो,

खाली गाडी बघायला जाण्याआधी हे वाचा. दुपारी पार्किंगमध्ये वळताना मी ती खांबावर घातली. डावं दार आत गेलंय. इतकी वर्षं जपलेला तुमचा नो क्लेम बोनस मी घालवला, असंच मला वाटलं. शेवटी विमावाल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तुम्ही जास्तीचा हप्ता भरून बोनसला संरक्षण घेतलंय, वर्षात एक क्लेम केला तरी हप्त्यातली सूट जात नाही. जीव भांड्यात पडला. त्या हप्त्यावरून दरवर्षी मारलेले टोमणे मी परत घेते.

पण मग गेल्या वर्षी तुम्ही क्लेम न करता बंपर तारेने का बांधलात? भिजेल म्हणून छत्री मिटून पावसात चालणारा माणूस मी तुमच्यातच पाहिला.

उद्या विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघायला येईपर्यंत दार ठोकायला घेऊ नका. हातोडी शेजारच्या काकूंकडे ठेवलीय. मी बसने रात्रपाळीला जातेय.

खांबाला काही झालेलं नाही. मलाही नाही. तुम्ही याच क्रमाने विचारणार, म्हणून शेवटी लिहिलं.