चार नळ्या, इंदापूरमार्गे

ती. राजलक्ष्मीताईच्या पायांशी धाकट्या चुलतभावाचा, शंभूराजचा नमस्कार (काखेत तुझा बर्फाचा डबा आहे, त्यामुळं तूर्त एकाच हातानं). आम्ही सगळे बरे आहोत. तुझी तब्येत कशी आहे? विशेषतः रक्तदाब? पोटात काही गेलं असेल तरच पुढं वाच.

ताई, बारामतीहून पुण्याला जाताना इंदापूर लागत नाही, हे मला ठाऊक आहे. (बारावीला गणितात गेलो, भूगोलात नाही.) पण स्टँडवर इंदापूरची गाडी समोरच उभी, खिडकी रिकामी, आणि सारजाआत्याला भेटून वर्ष झालेलं. तू म्हणाली होतीस, शुक्रवारी सकाळपर्यंत डबा पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचव. तेव्हा बुधवार होता. एवढ्यात माणूस इंदापूर काय, सोलापूरही करून येतो.

डब्यात काय, असं आत्यानं विचारलं. मी खरं तेच सांगितलं: टोमॅटोच्या रोगट पानांतून ताईनं दोन महिने खपून गाळलेले विषाणू, पाण्यात, चार नळ्या. आत्या म्हणाली, "रोगाचं पाणी घरात न्हाय." डबा गोठ्यात गेला. तिथंच मक्यात रानडुकरं येऊ नयेत म्हणून कुंपणाला जोडलेलं झटका मशीन. तरीही काही बिघडलं नसतं, पण आत्याचे मालक म्हस्कूतात्या यांनी विचारलं, असल्या पाण्याचं ताई करती काय. मग तू मला सांगितलंस तसंच मी त्यांना सांगितलं. हे विषाणू काडीसारखे लांबट असतात आणि पाण्यात वाटेल तिकडं तोंड करून फिरतात. ते तसे फिरत असताना त्यांच्यावर क्ष-किरण सोडले तर सगळ्यांची मिळून गिचमिड उमटते, उधळलेल्या कळपाच्या फोटोत नुसती लोकर दिसावी तशी. पण बेताच्या विजेचा जोर लावला की ते एका दिशेला वळून राहतात, वाऱ्यापावसात मेंढरं राहतात तशी. मग किरण कसे विखुरले त्यावरून त्यांची ठेवण कळते. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मेंढरं वळायची सोडून तुझ्या बापानं ऊस लावला, आन् तू आता न दिसणारी वळाया लागला व्हय? दाव मग."

"दाव मग" म्हटलं की आपल्या घराण्यात आजवर कुणी गप्प बसलेलं नाही. मी एक नळी उघडून मशीनच्या दोन तारा आत सोडल्या. ("बेताच्या" हा शब्द त्या वेळी आठवला नाही.) मशीन टकटक करत राहिलं. नळीत काहीच दिसेना. शेवटी बूच लावून ती परत डब्यात ठेवली. "बंदच असंल त्ये," म्हणून तात्यांनी तारेला बोट लावलं, आणि वळले ते तेवढे एकटेच: आडवे, डब्यावर. (ठीक आहेत. रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आत्या मला काय बोलली ते लिहीत नाही.)

तर ताई, एक नळी गेली असं समज, तीन धड आहेत. त्या क्ष-किरणांच्या यंत्रावर तुला वर्षातून एकच दिवस मिळतो आणि तो उद्याचा आहे, हे मला तात्या पडल्यावर आठवलं. समोर यायची हिंमत नाही, म्हणून नवा बर्फ घालून डबा आणि पत्र हिंदुरावांच्या भाजीच्या टेम्पोतून पाठवतो. फोन बंद ठेवलाय. कारण तुला कळेल.

तुझा (अजून तरी) भाऊ,
शंभूराज

ता. क. तीन नळ्या धड आहेत हे खरं. कुठल्या तीन, ते सांगता येत नाही. तात्या पडले तेव्हा बर्फाच्या पाण्यात चारी नळ्यांची सरमिसळ झाली आणि तुझ्या चिठ्ठ्या सुटल्या.

ता. क. २. म्हणून विनंती एवढीच की चारी लावून बघ. जिच्यातले वळणार नाहीत ती माझी. तुझ्या प्रयोगशाळेतल्या सरांनी विचारलं तर स्वतःवर घेऊ नकोस, माझं नाव सांग. शिक्षण विचारलं तर तेही सांग.

ता. क. ३. हिंदुरावांचा टेम्पो आलाच नाही. हे पत्र तुला गेटवरच्या वॉचमननं आणून दिलं असेल. मी बाहेर उभा आहे. रागवायचं ते डबा हातात घेऊन मग रागव, बर्फ निम्माच राहिलाय.